एकवीस दिवसांचा अभ्यास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण समितीच्या चिटणीसांनी या वर्षी मजकडे विषय सोपविला तो असा की, नोकरीत असलेल्या आपल्या तरुण मंडळींना हल्ली अल्प मुदतीत ज्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांविषयी घरच्या वडीलधाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्यात. मी केवळ मॅट्रिक झालेला, जन्मभर प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेला मनुष्य. अशा माणसाने संगणकाच्या सुरक्षेच्या परीक्षेवर बोलावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु २०२४ च्या नवरात्रात माझ्या धाकट्या बंधूंची कन्या अशाच एका परीक्षेस बसली, आणि तिचे पाठ म्हणवून घेण्याचे काम मजकडे आले. त्या एकवीस दिवसांत जे पाहिले, त्याच्याच आधारावर मी बोलणार आहे.

माझी पुतणी पुण्यास एका खासगी कंपनीत संगणकांच्या जाळ्याची देखभाल करते. घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबरला, तिला वरिष्ठांकडून निरोप आला की, नव्या कामावर घेण्यासाठी अमुक प्रमाणपत्र दिवाळीपूर्वी हवे. नसेल तर ते काम दुसऱ्यास दिले जाईल. परीक्षेची जागा मिळाली ती २४ तारखेची. एवढ्या थोड्या अवधीची सूचना देणे मला स्वतःला उचित वाटत नाही. शाळेत सहामाही परीक्षेचे वेळापत्रकसुद्धा आम्ही याहून आधी लावीत असू. परंतु त्या क्षेत्राची रीतच तशी आहे, आणि तिच्यावर रोष धरून बसल्याने एकवीसाचे बावीस दिवस होत नाहीत.

परीक्षेचे नाव ‘सिक्युरिटी प्लस’. ती ‘कॉम्पटिया’ नावाच्या अमेरिकन संस्थेतर्फे घेतली जाते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या संगणक-सुरक्षेच्या कामांसाठी ती ग्राह्य धरल्यामुळे तिचे नाव सर्वत्र झाले, आणि म्हणून आपल्याकडील कंपन्याही ती मागतात. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ज्या आवृत्तीस माझी पुतणी बसली, तीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. गुण १०० ते ९०० या मापावर देतात आणि उत्तीर्ण होण्यास ७५० लागतात. हे शेकडा प्रमाण नव्हे. त्याचे टक्के काढण्याच्या फंदात कोणी पडू नये. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. पाठ्यक्रमही सुमारे तीन वर्षांनी बदलतो, म्हणून थोरल्या भावाचे जुने पुस्तक धाकट्यास चालेलच असे समजू नये.

पहिल्या रात्री ती दोन जाडजूड पुस्तके समोर घेऊन बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. मी तिला थांबविले. वर्षभराचा अभ्यास असेल तर पहिल्या पानापासून आरंभ करणे शोभते. तीन आठवड्यांत ते परवडत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस मुले बसवताना आम्ही आरंभीच एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घेत असू. मूल रडकुंडीस येई, परंतु त्याला काय येत नाही हे एका बैठकीत समजे. तोच उपाय येथे केला. सरावाचा एक पूर्ण संच तिने दीड तासात सोडविला. शंभरांत चोपन्न उत्तरे बरोबर आली. भावजयीने देवापुढे हात जोडले. मला मात्र त्या चोपन्नात विशेष रस नव्हता. चुकलेली सेहेचाळीस कोठे पडली ते मला पाहावयाचे होते.

त्यासाठी संस्थेने प्रसिद्ध केलेली एक उद्दिष्टपत्रिका असते, आणि ती विनामूल्य मिळते. परीक्षेत काय काय विचारले जाईल ते तीत कलमवार दिलेले असते. तिचे पाच भाग आहेत. सर्वसाधारण संकल्पनांना शेकडा १२, धोके आणि त्यांवरील उपाय यांना २२, संगणकव्यवस्थेच्या रचनेला १८, रोजच्या सुरक्षा-कामकाजाला २८, आणि धोरण, जोखीम व देखरेख यांना २० असा भार आहे. चुकलेली उत्तरे या पाच भागांत वाटून पाहिली तेव्हा असे दिसले की, जाळ्याच्या रचनेत मुलगी पक्की होती, कारण तेच तिचे रोजचे काम. पडत होती ती कूटशास्त्रात, आणि शेवटच्या, जोखमीच्या भागात. नेमका तो भाग कार्यालयीन वाटतो म्हणून कारागीर मंडळी त्याकडे पाठ फिरवतात. परंतु पाचवा हिस्सा गुण तेथे आहेत.

मग तासांचा हिशेब केला. कामाचे पंधरा दिवस, रोज तीन तास. शनिवार-रविवारचे सहा दिवस, रोज सहा तास. एकूण एक्याऐंशी. दसऱ्याचे तीन तास वजा. उरलेल्या अठ्ठ्याहत्तरांतील निम्मे त्या दोन दुबळ्या भागांना दिले, आणि येत असलेल्या भागाला अवघे आठ. या वाटणीवर तिने बरीच हुज्जत घातली. जे येते तेच पुन्हा वाचावयास मनुष्याला गोड वाटते. विद्यार्थी वर्गातला असो वा पगारदार, या बाबतीत फरक नाही. शिकण्यासाठी तिने प्रोफेसर मेसर नावाच्या अमेरिकन शिक्षकांची व्याख्याने घेतली. तीही इंटरनेटवर विनामूल्य आहेत. हजारो रुपयांची शिकवणी लावल्याखेरीज गत्यंतर नाही, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता माझा उपयोग काय झाला ते सांगतो, कारण येथे बसलेल्या प्रत्येक घरात असा एक उपयोगी अडाणी मनुष्य आहे.

रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास ती मला त्या दिवशी शिकलेले मराठीत सांगे. मला विषय येत नव्हता, हाच माझा गुण ठरला. एके रात्री तिने दोन गोष्टींतील भेद सांगितला. कूटबद्ध केलेला मजकूर म्हणजे कुलूप लावलेली पेटी. योग्य किल्ली असेल त्याला ती पुन्हा उघडता येते. ‘हॅश’ मात्र परत फिरत नाही. मजकूर एक ओळीचा असो वा हजार पानांचा, त्यातून ठरावीक लांबीचा एक ठसा निघतो, आणि ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही. मी म्हटले, “म्हणजे गुऱ्हाळातल्या रसासारखे; रसावरून ऊस परत होत नाही.” ती म्हणाली, “हो काका, तसेच. म्हणून पासवर्ड नुसते साठवीत नाहीत, त्यांचे हॅश साठवतात.” मी विचारले, “परत फिरत नाही, तर मी टाइप केलेला पासवर्ड बरोबर आहे हे यंत्राला समजते कसे?”

ती गप्प झाली. तिने ते प्रकरण दोनदा वाचले होते, व्याख्यान ऐकले होते, आणि तरीही गप्प झाली. दोन मिनिटांनी तिचे तिलाच सुचले : टाइप केलेल्या पासवर्डाचा पुन्हा ठसा काढावयाचा आणि तो साठविलेल्या ठशाशी ताडून पाहावयाचा. मग लगेच पुढची शंका तिनेच काढली की, दोघांचा पासवर्ड एकच असेल तर ठसेही एकच येतील, आणि चोराला ते ताडता येईल. म्हणून प्रत्येकाच्या पासवर्डात आधी वेगळी यादृच्छिक भर घालतात. तिला त्या शास्त्रात ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ, म्हणतात. त्या रात्रीनंतर कूटशास्त्राची तिची भीती गेली. मजसारख्या अडाण्याला समजावयाचे असल्यामुळे तिला इंग्रजी शब्दांच्या आडोशास जाता आले नाही, एवढीच त्यातील किमया.

जोखमीचे गणित तर मला माझ्याच घरचे वाटले. समजा, एखाद्या पेढीची संगणकव्यवस्था दहा लाखांची आहे आणि एका दुर्घटनेत तिचे शेकडा वीस नुकसान होते. म्हणजे एका वेळचे नुकसान दोन लाख. अशी दुर्घटना चार वर्षांतून एकदा होत असेल, तर वर्षाचे सरासरी नुकसान पन्नास हजार. आता त्यावर उपाय म्हणून कोणी वर्षाला तीस हजारांची योजना आणली आणि तिने ते नुकसान टळत असेल, तर ती घ्यावी. ऐंशी हजारांची आणली, तर निव्वळ पैशांच्या हिशेबाने ती महाग. हे त्रैराशिकाच्याच जातीचे उदाहरण नव्हे काय? परीक्षेत त्याला एएलई, एसएलई अशी भेदक नावे आहेत, आणि मुलगी नावांनाच घाबरली होती. सहावीच्या वर्गात फळ्यावर सोडवावीत तशी दहा उदाहरणे सोडवून घेतली आणि तो विषय संपला.

काही गोष्टी मात्र निखळ पाठांतराच्याच आहेत, आणि तेथे पाठांतराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. निरनिराळ्या सेवांचे ठरलेले क्रमांक असतात : २२, ५३, ४४३, ३३८९ इत्यादी, शिवाय आद्याक्षरांचे संक्षेप शेकडो. हे आम्ही पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहिले. तिचा पोळीचा घास तोंडात असताना मी चिठ्ठी उचलून विचारावे आणि तिने खुणेने उत्तर द्यावे, असे चाले. विसरण्याचा वेग पहिल्या एकदोन दिवसांत अधिक असतो, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत दाखविले, ते शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांस शिकविले होते. म्हणून चुकलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा येई.

प्रश्न वाचण्याविषयी एक शब्द. या परीक्षेत पुष्कळदा चारही उत्तरे खरी असतात, आणि ‘प्रथम’ काय करावे किंवा ‘सर्वांत उत्तम’ कोणते एवढेच विचारलेले असते. कारकुनाच्या संगणकावर खंडणीची धमकी झळकली. प्रथम काय कराल? राखून ठेवलेल्या प्रतीवरून माहिती पुन्हा भराल, कारण शोधाल, पोलिसांस कळवाल, की तो संगणक जाळ्यापासून तोडाल? चारही कामे करावयाचीच आहेत. परंतु आग पसरू न देणे हे पहिले. म्हणून जाळ्यापासून तोडणे. पुतणी आरंभी प्रत भरावयास धावे, कारण नोकरीत तिला ‘लवकर सुरू करा’ हाच तगादा ऐकण्याची सवय. तिच्याकडून मी प्रत्येक प्रश्नातील तो एक शब्द बोटाने दाखवून घेत असे. प्रत्यक्ष कृतीचे जे थोडे प्रश्न असतात ते बहुधा आरंभीच येतात आणि बराच वेळ खातात. त्यांवर खूण करून पुढे जावे आणि शेवटी परतावे.

ती उत्तीर्ण झाली. ७८४ गुण मिळाले. परंतु मधल्या काळात एक प्रसंग आला, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका परिचिताने तिला काहीशे रुपयांत ‘खऱ्या परीक्षेतील प्रश्नांचा संच’ देऊ केला. या व्यापाराला त्या क्षेत्रात ‘डंप’ म्हणतात. दिवस थोडे उरलेले, मनावर नोकरीचे दडपण. तिने मला विचारले. अशा वेळी नुसते ‘चोरी वाईट’ म्हटल्याने तरुण माणसाचे समाधान होत नाही. मी तिला परीक्षेचा करार वाचावयास लावला. असे साहित्य वापरल्याचे आढळल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढील परीक्षांना बंदी येऊ शकते, हे त्यात आहे. या संचांतील उत्तरे पुष्कळदा चुकीचीही असतात, आणि चुकीचे पाठ केलेले काढून टाकणे हे न शिकण्याहून कठीण, हे कोणताही शिक्षक सांगेल.

परंतु तिला पटले ते निराळ्याच गोष्टीवरून. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला तो आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. ११ आणि १३ ऑगस्ट रोजी सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे देण्यास अनुमती देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी बनावट मध्यस्थ यंत्रणा उभी केली. ती प्रत्येक खोट्या मागणीला होकार देत गेली, आणि अठ्ठावीस देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. सहकारी बँक म्हणजे कोणाची? पेन्शनर, दुकानदार, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवणारे आईबाप यांची. मी तिला एवढेच विचारले की, उद्या अशा एखाद्या बँकेचे काम तुझ्या कंपनीकडे आले, आणि त्या खुर्चीवर पाठ केलेल्या प्रश्नांवर उत्तीर्ण झालेला मनुष्य बसला, तर तुझ्या आजीची ठेव तू तेथे ठेवशील काय? तिने संच घेतला नाही.

आता घरच्या मंडळींकडे वळतो. खरे तर माझे भाषण त्यांच्यासाठीच आहे. ती मुलगी नऊ तास नोकरी करून येई आणि नंतर तीन तास अभ्यासास बसे. नवरात्राची जेवणे, दसऱ्याचे पाहुणे, फराळाची भाजणी, सर्व त्याच दिवसांत. मुलगा परीक्षेस बसला असता तर त्याच्या खोलीचे दार आपण हळूच ओढून घेतले असते. मुलगी बसली म्हणजे ‘एवढे नारळ खोवून दे आणि मग बस’ असे सहज तोंडून निघते. कोणाच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु अर्धा-अर्धा तास करून अठ्ठ्याहत्तर तासांचे पन्नास होतात. त्यातच २० तारखेच्या रविवारी तिला पाहण्यासाठी मंडळी येणार होती. स्थळ चांगले होते, म्हणून बंधू तारीख बदलण्यास धजेनात. अखेर मीच त्या गृहस्थांना दूरध्वनी केला आणि खरे कारण सांगितले. भाऊबीज झाल्यावर येतो, असे ते म्हणाले. समजा ते रागावले असते, तरीही माझे मत हेच राहिले असते.

परीक्षा घरूनही देता येते, संगणकावर कॅमेरा लावून. ही सोय आपल्या घरांत फार जपून घ्यावी. परीक्षा चालू असता खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, टेबल रिकामे हवे, आणि उमेदवाराने मोठ्याने वाचता कामा नये. नियम मोडला तर परीक्षा तेथेच थांबवू शकतात. आपल्याकडे ‘चहा ठेवून जाते’ म्हणून आत्या आत आली की शुल्क आणि अभ्यास दोन्ही बुडालेच म्हणून समजा. माझ्या पुतणीने केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. त्यातही नावाची काळजी घ्यावी लागते. नोंदणीतील नाव ओळखपत्रावरील नावाशी जुळले पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये, दुसऱ्यावर नाही, आणि विवाहित भगिनींच्या तर दोन आडनावांचा घोळ. हे परीक्षेच्या आदल्या रात्री पाहण्याचे काम नव्हे. पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

राहिली गोष्ट मंडळाची. आपला शिक्षण निधी दहावी-बारावीची पुस्तके आणि महाविद्यालयाची फी यांपुरता आहे. या परीक्षांचे शुल्क कित्येक हजारांच्या घरात जाते. काही कंपन्या उत्तीर्ण झाल्यावर ते परत देतात, परंतु आधी स्वतःच भरावे लागते, आणि नुकत्याच नोकरीस लागलेल्या, गावी पैसे पाठविणाऱ्या मुलाकडे महिनाअखेरीस तेवढी रक्कम नसते. माझी सूचना अशी की, असे शुल्क निधीतून बिनव्याजी उसने द्यावे, परतफेड सहा महिन्यांत व्हावी, आणि अनुत्तीर्ण झालेल्यासही तीच मुदत असावी. नापास झाला म्हणून तगादा नको. दुसरी सूचना वाचनालयाच्या खोलीची. ती सायंकाळी सात वाजता बंद होते, म्हणजे नोकरदार मुले घरी परतण्याच्या आधीच. ती रात्री दहापर्यंत उघडी राहिली, तर दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलामुलींना बसण्यास जागा होईल. किल्ली सांभाळण्याचे काम आठवड्यातून तीन दिवस मी करीन. उरलेल्या दिवसांसाठी दोन निवृत्त सभासद हवे आहेत. दोन्ही सूचनांचा मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. पुढील बैठकीत तो चर्चेस घ्यावा अशी विनंती आहे.